पच्च तार

बल्लारपुरात स्टेशनकडून पेपर मिलकडे जाताना डाव्या हाताला 'फारूक इलेक्ट्रिकल्स' अशी पाटी लागते. पाटीखाली बसते ती अख्तरी. येणारं गिऱ्हाईक आत डोकावतं आणि हटकून विचारतं, "फारूकभाऊ कुठी गेले?"

"फारूकभाऊ घरी भाजी चिरून राह्यले," हातातली पकड खाली न ठेवता अख्तरी म्हणते. "काम सांगा, नाईतर जेवायलेच चला."

अर्धे हसतात, अर्धे फुगतात. काम मात्र सगळेच सांगतात, कारण ट्रकचा सेल्फ घेत नसला की फुगून भागत नाही.

अख्तरी मूळची सिरोंच्याची. घरात उर्दू, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी. तीन भाषा आल्या आणि तिन्हीत भांडताही आलं. लग्न होऊन बल्लारपुरात आली तेव्हा फारूक पंखे आणि मोटारी रिवाइंड करायचा. तांब्याची तार गुंडाळताना वेढे मोजावे लागतात, आणि फारूक पडला गप्पिष्ट. बोलता बोलता वेढे चुकायचा, मोटर जळायची, गिऱ्हाईक शिव्या घालायचं. एक दिवस अख्तरीनं त्याच्या हातातून रीळ काढून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही बोला. म्या गुंडाळतो." तेव्हापासून बोलणं त्याच्याकडे आणि तार हिच्याकडे. पुढे फारूकचे हात थरथरायला लागले. डॉक्टर झाले, दवाया झाल्या, थरथर काही जाईना. दिरानं सल्ला दिला, "भाभी, दुकान मोबाईलवाल्याले किरायानं द्या." अख्तरीनं सल्ला ऐकून घेतला, दिराला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शटर वर केलं. पंख्यांवरून हळूहळू ट्रकांच्या वायरिंगवर आली. लोक बोलले. बोलणारच, जिभेला काय हाड असतं! बाईमाणूस ट्रकखाली झोपते म्हणाले. ती झोपतच होती, घुग्घुसच्या खाणीतून कोळशाची धूळ खाऊन आलेल्या ट्रकांची वायरिंग काही उभ्यानं दिसत नाही. बोलणाऱ्यांच्या गाड्या बंद पडल्या तेव्हा तेही आले. हिनं कोणाला परत पाठवलं नाही, पण टोमणा मारल्याशिवाय एकालाही सोडलं नाही.

अशा या अख्तरीकडे गेल्या पावसाळ्यात नूतन निमगडे आली. दोरीनं बांधून ओढत आणलेली जिप्सी घेऊन.

नूतन ताडोबाच्या जंगलालगतच्या मोहर्लीची. बाप रामाजी, जंगलातल्या रस्त्यांवर रोजीनं काम केलेला माणूस. पोरगी आधी गाईड झाली, मग दुसऱ्याची गाडी चालवायला लागली आणि शेवटी जुनी का होईना, स्वतःची जिप्सी घेऊन गेटवर उभी राहिली. ताडोबात पर्यटकांना नेणाऱ्या गाड्यांची पाळी असते. ज्याची पाळी, त्याची फेरी. मोहर्लीच्या गाडीमालकांची एक समिती आहे, तिचे अध्यक्ष गुणवंतराव. पावसाळा संपत आला की समिती सगळ्या गाड्या तपासते, आणि तपासणीत उतरलेल्या गाडीचा नंबर गुणवंतराव ओट्यावर उभं राहून मोठ्यानं पुकारतात. मालकानं "हौ, हजर" म्हणायचं. नंबर पुकारला तर हंगाम तुमचा. नाही पुकारला तर गाडी घरी कोंबड्यांना बसायला. आणि एकदा हातचा गेलेला नंबर परत मिळत नाही, तो दुसऱ्याला जातो. नूतनच्या नंबरवर तर गुणवंतरावांच्या पुतण्याची नवी जीप आधीच टपून बसली होती.

अशात हिच्या जिप्सीचा कम्प्युटर मेला. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारा तो डबा. तसल्या गाड्याच आता बनत नाहीत, तर डबा कुठून मिळणार?

"मूळचा नाई भेटत तर नाई भेटत," अख्तरी म्हणाली. "दुसरा बसवू."

असे डबे येतात. कोणत्याही इंजिनाला जमवून घेता येतात, फक्त तयार जोडणी नसते. डब्यातून तारांचा जुडगा बाहेर आलेला असतो आणि कोणती तार कुठं, हे बसवणाऱ्यानं बघायचं. तेलंगणात मंचिरियालला कोमरय्या नावाचा माणूस असे डबे विकायचा. त्यानं डबा धाडला, सोबत इंग्रजी नकाशाची झेरॉक्स धाडली. झेरॉक्स इतकी काळी की तिच्यात रंग कोणता आणि डाग कोणता, कळेना. कोमरय्या म्हणाला, चांगला नकाशा पाठवतो. अख्तरी म्हणाली, कशाला? फोनवर तेलुगूत सांग, माझी आजी तुमच्याच भाषेत मला झोपवायची.

मग काय, खांदा आणि कान यांच्यात फोन धरून हिनं एकेक तार जोडली. तो सांगेल ती, तशीच. शेवटची जोडून किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात इंजिन चालू! फारूकनं टाळ्या वाजवल्या, नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्तरी म्हणाली, "रडतेस काऊन? चालू झाली ना?"

तपासणीच्या दिवशी मोहर्लीत नूतननं गाडी चढावर घातली. निम्म्या चढापर्यंत ठीक होतं. जोर लावायला तिनं पाय दाबला आणि गाडीला जणू उचकी लागली. झटके, मिसिंग, आणि शेवटी सायलेन्सरमधून असा बार उडाला की झाडावरची वानरं पांगली. गाडी चढावरच बंद पडली आणि उलटी घरंगळत खाली आली.

"वा!" गुणवंतराव म्हणाले. "वाघ दाखवाले नेशील का वाघ पळवाले? रामाजीच्या पोट्टीले कोणी सांगतलं होतं हा धंदा कराले? आन् वायरिंग कोणी केलं म्हणे, बल्लारपूरच्या बाईनं!"

सगळे हसले. नूतनला शुक्रवारची शेवटची तपासणी मिळाली, आणि तीही इतर ड्रायव्हरांनी धरून लावलं म्हणून.

गाडी पुन्हा बल्लारपुरात आली. येताना कशीबशी चालत आली, कारण हळू चालवली तर तिला काहीच होत नव्हतं. हीच तर मेख होती. उभ्या गाडीत इंजिन गुळगुळीत, हळू पळवलं तर शहाणं. जोर मागितला की मात्र वेड्यासारखं करायचं.

आता सल्ल्यांचा पाऊस. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी आहे. एक ट्रकवाला म्हणाला पंप गेला. मिलमधला एक ओळखीचा म्हणाला, भाभी, हा कम्प्युटरबिम्प्युटर फेका आणि जुनं कार्बोरेटर चढवा, झंझट नको.

"तुमच्या घरचा टीव्ही बिघडला तर तुम्ही रेडिओ लावता का?" अख्तरीनं विचारलं. "डबा इथीच राहीन. आन् चालन बी इथीच."

तिनं आधी अर्थ पाहिला, म्हणजे डब्याची काळी तार इंजिनाला नीट भिडली आहे का. नव्या डब्यांचं निम्मं दुखणं तिथंच असतं. रंगाच्या थरावर तार कसली की वरून घट्ट, आतून मात्र लोखंडाला भिडतच नाही. तिनं जागा कानशीनं घासून चकचकीत केली, तार पुन्हा कसली. गाडीनं तरी उचकी दिली. मग बॅटरीवरून डब्याला वेगळी जाड तार ओढली, वाटेत करंट गळतो का म्हणून. गळत नव्हता. मग सेन्सरच्या तारा प्लगच्या तारांपासून लांब नेल्या, कारण प्लगची ठिणगी शेजारच्या तारेत बडबड करते आणि डबा ती बडबड खरी मानतो. काही फरक नाही! अख्तरीनं पकड अशी आपटली की भिंतीवरचं घड्याळ हललं.

फारूक चहा घेऊन आला. कप बशीत वाजत होता, त्याच्या हातात तो वाजतोच. म्हणाला, "अख्तरी, एक बात बोलू? तुयंच कुठी काही चुकलं नसन?"

"माझं?"

"नाई, म्हणलं फक्त."

"म्या वेढे मोजत होती तवा तुम्ही गप्पा मारत होते. माझं चुकलं म्हणते! डबेवाल्याचं चुकलं असन, गाडीचं असन, त्या गुणवंताच्या नजरेचं असन. माझं नाई!"

फारूक कप ठेवून बाजूला झाला. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याच्या मनात आलंच असणार, पण तो संसारात मुरलेला माणूस. नूतन मात्र टायरवर बसून हे सगळं बघत होती. तिच्या तोंडावरचा रंग उडत चालला होता. ती हळूच म्हणाली, "चाची, नसन होत तर सांगून द्या. पुतण्याले नंबर जाते तर जाऊ द्या. म्या पुन्हा दुसऱ्याची गाडी चालवीन."

हे ऐकलं आणि अख्तरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग पोरीवर नव्हता. आपल्या हातची गाडी या पोरीला खाली मान घालायला लावते आहे, याचा होता.

"खबरदार पुन्हा बोललीस तर," ती म्हणाली. "ऊठ. बोनट उघड. टायमिंग लाईट आण."

टायमिंग लाईट म्हणजे एक दिवा. प्लगला ठिणगी पडली की तो लुकलुकतो. इंजिनाच्या पुलीवर एक पांढरी खूण असते. पुली गरगर फिरत असली तरी दिव्याच्या उजेडात ती खूण जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसते. डब्याला सांगून ठेवायचं की ठिणगी एकाच ठिकाणी पाड, हलवू नकोस, आणि मग इंजिनाचा वेग वाढवायचा. खूण जागेवर राहिली तर डब्याला इंजिनाचा ठावठिकाणा बरोबर कळतो आहे.

"दाब हळूहळू," अख्तरी म्हणाली.

नूतननं पाय दाबला. खूण उभी होती. आणखी दाबला. खूण सरकायला लागली. वेग वाढेल तशी बाजूला, आणखी बाजूला, आणि मग एकदम थरथरून दिसेनाशी झाली. त्याच क्षणी इंजिनानं उचकी दिली.

अख्तरी दिवा बंद करून उभी राहिली. आता तिला कळलं होतं की दुखणं पेट्रोलचं नाही आणि अर्थचंही नाही. नव्या डब्यासाठी पुलीवर दाते असलेली चकती बसवली होती. चकतीसमोरचा सेन्सर जाणारा प्रत्येक दाता डब्याला कळवतो. त्या सेन्सरच्या दोन तारा, एक पिवळी आणि एक हिरवी, त्यातली एकच सिग्नलची. त्या उलट जोडल्या तरी इंजिन चालू होतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. पण डबा दाता येताना बघायचा तो जाताना बघतो, आणि वेग वाढला की त्याचा हिशेब घसरत जातो.

तारा उलट आहेत. पण उलट कशा असतील? कोमरय्यानं सांगितली तीच तार तिनं सांगितल्या जागी लावली होती. स्वतःच्या कानांनी ऐकून, त्याच्याच भाषेत. म्हणजे त्यानंच चुकीचं सांगितलं. सापडला चोर! अख्तरीनं फोन लावला, आणि मंचिरियालच्या माणसाला नमस्कार चमत्कार न करता तेलुगूत झोडपायला सुरुवात केली. सेन्सरची सिग्नलची तार कोणती सांगितली होतीस? पुन्हा सांग, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"पच्च, अक्का," कोमरय्या म्हणाला. "पच्च तार सिग्नलला."

"पच्चच लावली आहे!"

"मग बरोबर आहे."

"बरोबर असतं तर तुला फोन केला असता का रे?" अख्तरी ओरडली. आणि ओरडता ओरडता तिचा हात त्या तारेवर गेला. पिवळी तार. तिच्या सिरोंच्याच्या घरात आजी हळदीच्या रंगाला पच्च म्हणायची. हळद लावलेला तांदूळ पच्च, हळदीनं माखलेली नवरी पच्च. अख्तरीचा आवाज एकदम खाली आला. "ए पच्च?" तिनं विचारलं. कोणतं पच्च?

"पच्च अंटे पच्चे, अक्का!" तिकडून तो हसला. पच्च म्हणजे पच्चच. "आकुपच्च." पानाचा रंग.

पानाचा. हिरवा.

एकाच शब्दात हळद आणि पान दोन्ही, आणि हिनं आजीचं ऐकलं, त्यानं झाडाचं सांगितलं. तेलुगू न येणारा कोणी असता तर त्यानं निमूटपणे चांगला नकाशा मागवला असता आणि गाडी तेव्हाच चढ चढली असती. अख्तरीला भाषा येत होती, म्हणून चुकली. आणि भाषेचा तोरा होता, म्हणून तिनं विचारलं नाही.

फोन बंद झाला. बायकोचं तेलुगू फारूकला एव्हाना कळायचं. फारूकनं पाठ फिरवली, त्याचे खांदे हलत होते. या वेळी ते आजारानं हलत नव्हते.

नूतनला तेलुगू येत नव्हतं. "काय म्हणे तो?" तिनं विचारलं. "त्यानं उलटं सांगतलं होतं ना?"

हौ म्हटलं असतं तर संपलं असतं. मंचिरियालचा माणूस काही साक्ष द्यायला येणार नव्हता. अख्तरीनं एकदा फारूककडे पाहिलं, एकदा त्या पोरीकडे.

"त्यानं बरोबर सांगतलं होतं," ती म्हणाली. "म्या उलटं ऐकलं. चूक माझी आहे. मोहर्लीत तुझी फजिती झाली ते माझ्यापायी. आता तोंड पाहू नको माझं, कातर दे इकडं."

तिनं दोन्ही तारा कापल्या, अदलाबदल करून डाग दिला, वर नळी चढवली. नूतननं पाय दाबला. खूण उभी राहिली. आणखी दाबला, खूण ढिम्म हलेना. पूर्ण दाबला, तेव्हा इंजिन असं गरजलं की पंक्चरवाला हातातलं टायर टाकून पळत आला. नूतन हसत होती आणि रडतही होती, आणि या वेळी अख्तरीनं तिला काही म्हटलं नाही, बोनट तेवढं धाडकन लावलं.

शुक्रवारी मोहर्लीला ती स्वतः गेली. फारूक म्हणाला, तू कायले जाते, गाडी तर झाली. ती म्हणाली, हसले तेव्हा माझ्या नावानं हसले, मग बघायला मी नको?

नूतननं जिप्सी चढावर घातली आणि मध्यावर, जिथं मागच्या वेळी उचकी लागली होती, तिथंच मुद्दाम पाय दाबला. गाडी एका दमात वर. वळवून खाली आणली, पुन्हा वर नेली. ड्रायव्हरांमधून कोणीतरी शिट्टी मारली. नूतन ओट्यासमोर गाडी उभी करून थांबली, इंजिन चालूच ठेवून.

गुणवंतराव ओट्यावर उभे होते. एकेक नंबर पुकारत होते, एकेक "हौ, हजर" येत होतं. सव्वीस पुकारला. सत्तावीस नूतनचा होता. ते थांबले, घसा खाकरला आणि अठ्ठावीस म्हणाले.

"सत्तावीस राह्यला, भाऊ," खालून अख्तरी म्हणाली.

"त्याचा इचार करू," गुणवंतराव म्हणाले. "मागच्या बारीले काऊन बिघडली होती? वायरिंगमधी चूक होती, हे तर खरं आहे ना?"

"हौ. खरं आहे."

नूतननं दचकून तिच्याकडे पाहिलं. कबुली एवढ्या सहज मिळेल असं गुणवंतरावांना वाटलं नव्हतं. ते लोकांकडे वळले. "ऐका! स्वतःच कबूल करून राह्यली. चुकीचं वायरिंग करणाऱ्या बाईच्या भरोशावर पाव्हणे वाघापुढं न्यायचे का?"

"चूक म्याच केली," अख्तरी म्हणाली. "सापडवली बी म्याच, आन् काढली बी म्याच. तुमच्यासमोर गाडी दोनदा चढ चढली. तुमच्या पुतण्याच्या जीपमधी कोणी काय चूक केली ते तुम्ही कधी इचारलं का? इथी तपासणी गाडीची आहे, भाऊ, का माझी?"

"बाई, तुम्ही मधात बोलू नका. समिती ठरवन, आन् समिती म्हणजे..."

"नूतन," अख्तरी म्हणाली, "दाब."

नूतननं दाबला. इंजिन गरजलं आणि गुणवंतरावांचं वाक्य त्यात बुडालं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. ते हात वर करून काहीतरी ओरडले.

"आइकू नाई येत!" अख्तरी कानाला हात लावून ओरडली. "काय म्हणता? नंबर?"

इंजिन ना उचकी देत होतं, ना दम घेत होतं. मागून एक ड्रायव्हर ओरडला, "नंबर सांगा, भाऊ!" मग दुसरा. मग सगळ्यांनी सूर धरला, "नंबर! नंबर!" त्यातले निम्मे मागच्या वेळी पोट धरून हसले होते. पुतण्या आपल्या जीपला टेकून बुटाच्या नाडीकडे बघत होता. गुणवंतरावांनी गाडी बंद कर म्हणून हातानं खुणावलं. नूतननं मान हलवली. नाही.

गुणवंतरावांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. "सत्तावीस!" ते ओरडले. "सत्तावीस, रामाजीची पोट्टी!"

नूतननं अख्तरीकडे पाहिलं. अख्तरी एक पाऊल मागं सरकली. मग नूतननं समोर ओट्याकडे पाहिलं आणि पाय आणखी दाबला.

"सत्तावीस!" गुणवंतरावांचा आवाज फाटला. "नूतन निमगडे! गाडीमालक नूतन निमगडे!"

नूतननं पाय उचलला.

"हौ," ती म्हणाली. "हजर."